बालवाडीतला शरद : मेपलचे पान की भाताची लोंबी?

सप्टेंबर सरत आला की अनेक बालवाड्यांच्या भिंतींवर नारिंगी-लाल पाने चिकटू लागतात. इंटरनेटवरून छापून घेतलेल्या चित्रांत मेपलची पाने असतात, खारीच्या हातात ओकचे फळ असते, दाराशी डोळे कोरलेला भोपळा असतो. वर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘ऑटम’.

त्याच दिवसांत पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिरंगुटच्या आसपास जी शेते उरली आहेत, त्यांत भात निसवलेले असते. बांधावर कुर्डू आणि तेरडा फुललेला असतो. झाडे पावसाने न्हाऊन हिरवीगार असतात. भिंतीवरचा ऋतू एक आणि खिडकीबाहेरचा दुसरा, असे असेल तर तीन ते सहा वर्षांच्या मुलाने खरा कोणता मानायचा?

शरद ऋतू हा बालवाडीसाठी वर्षातला सर्वांत सोयीचा काळ आहे. पाऊस ओसरलेला, चिखल सुकत आलेला, सण एकामागून एक आणि रानात पाहण्यासारखे भरपूर. तो मुलांच्या हातात कसा द्यायचा, त्यातून ती काय शिकतात आणि काळजी कोणती घ्यायची, याचा हा आढावा.

शरद म्हणजे नेमका कधी?

पंचांगातल्या सहा ऋतूंपैकी श्रावण-भाद्रपद हा वर्षा, आश्विन-कार्तिक हा शरद, मार्गशीर्ष-पौष हा हेमंत आणि माघ-फाल्गुन हा शिशिर. म्हणजे घटस्थापनेला शरद सुरू होतो, दसरा, कोजागरी आणि दिवाळी त्यातच येतात आणि कार्तिक संपेपर्यंत तो चालतो. इंग्रजी महिन्यांत हा काळ साधारण सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर असा पडतो.

२२ किंवा २३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात आणि मग दिवस लहान होत जातो. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुणे परिसरातून मोसमी पाऊस माघारी जातो. आकाश निवळते, दुपारी ‘ऑक्टोबर हीट’ जाणवते आणि पहाटे गवतावर दव दिसू लागते.

मग पानगळ? युरोप आणि उत्तर अमेरिकेत याच सुमारास थंडी वाढते, उजेड कमी होतो. तिथली झाडे पानांतले हरितद्रव्य मोडून घेतात, आधीपासून पानात असलेला पिवळा-नारिंगी रंग उघडा पडतो आणि पान गळते. आपल्याकडच्या झाडांपुढची अडचण थंडीची नाही, पाण्याची आहे. शरदात जमीन पावसाने भरलेली असते, म्हणून पाने टिकतात. ओल आटत गेली की, म्हणजे शिशिरात, साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत, आपली बरीच झाडे पाने गाळतात. मराठीत पानगळ शिशिराशी जोडलेली आहे ती उगाच नाही. ‘ऑटम’चे भाषांतर ‘शरद’ असे केले की महिने जुळतात, झाडे मात्र जुळत नाहीत.

चित्रातले पान चिकटवले तर बिघडले कुठे?

एखाद्या दिवशी चिकटवले तर काहीच बिघडत नाही. परदेशातला ऋतू कसा असतो हे मुलांना जरूर दाखवावे. अडचण तेव्हा होते, जेव्हा ऋतूची ओळख फक्त तेवढीच होते.

या वयातले मूल हातात घेऊन, वास घेऊन, फोडून, मोजून शिकते. शब्द मागून येतो. बाई सांगतात की शरदात पाने केशरी होतात. मूल बाहेर बघते तर झाड हिरवे. अशा वेळी ते बाईंवर विश्वास ठेवते आणि डोळ्यांना दिसलेले सोडून देते. शाळेत जे सांगतात ते बाहेर पडताळून पाहायचे नसते, ही समजूत इथेच रुजायला लागते. पुढे विज्ञानाच्या तासाला ‘निरीक्षण करा’ म्हणून कितीही सांगितले तरी ही सवय सहज जात नाही.

दुसरे नुकसान शेतकरी घरातल्या मुलाचे होते. लोंबी, पेंढा, सूप, खळे हे शब्द त्याला घरातून आलेले असतात. कदाचित बाईंपेक्षा त्याला जास्त ठाऊक असते. पण वर्गातला ऋतू मेपलचा असेल तर त्या ज्ञानाला तिथे जागाच नसते. वर्गातले सर्वांत जाणते मूल त्या तासाला गप्प बसून राहते.

शासनाचे धोरण काय सांगते?

२९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय वर्षे तीन ते आठ हा एकसंध ‘पायाभूत टप्पा’ मानला. अंगणवाडी किंवा बालवाटिकेची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी, अशी ही पाच वर्षे. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांपर्यंत होते, असे हे धोरण नमूद करते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. खेळ, गोष्टी, गाणी, परिसरातल्या वस्तू आणि निसर्गातली फेरी यांवर त्याचा भर आहे. पाठोपाठ फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपट्ट्या यांचा ‘जादुई पिटारा’ आला. थोडक्यात, मुलांना भाताच्या बांधावर नेणे हे धोरणाशी सुसंगत आहे. सेविकेला किंवा शिक्षिकेला ‘अभ्यास सोडून भटकंती’ असे कुणी म्हटले, तर हाच अभ्यास आहे असे खुशाल सांगता येईल.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. उलट ‘बालवाडी’ या शब्दातच ती आहे. जर्मनीतल्या फ्रीडरिश फ्रॉबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. अर्थ सरळ आहे, मुलांची बाग. फ्रॉबेल यांच्या कल्पनेत खरीखुरी बाग होती आणि मुलांनी मशागत करायचे छोटे वाफेही होते. मराठीतली ‘वाडी’ म्हणजेही झाडापेरांची जागाच. बालवाडी, अंगणवाडी म्हणताना आपण अजून त्या बागेचेच नाव घेतो.

महाराष्ट्रात ही बाग खऱ्या अर्थाने फुलवली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करताना ताराबाईंनी माँटेसरी पद्धत आत्मसात केली होती. १९४५ मध्ये त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या अनुताई तिथे त्यांच्या सहकारी झाल्या.

माँटेसरीची लाकडी साधने महाग होती आणि खेड्यातल्या मुलांना परकीही. या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या यांतूनच शिकण्याची साधने तयार केली. रंग, आकार, लहान-मोठे, मोजणी, सगळे त्यातून. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, यातून ‘अंगणवाडी’ आली. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच वर्ग भरवला गेला, ती ‘कुरणशाळा’. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले. नाव पोहोचले तशी ती पद्धतही प्रत्येक वर्गात पोहोचायला हवी, एवढेच.

पिरंगुट परिसरात शिकवायला आहे काय?

मुळशी तालुका पश्चिमेला ताम्हिणीच्या घाटमाथ्यापासून पूर्वेला पुण्याच्या वेशीपर्यंत पसरला आहे. पश्चिमेला प्रचंड पाऊस, पूर्वेकडे येताना तो कमी होत जातो. आंबेमोहोर तांदळासाठी हा तालुका पूर्वीपासून ओळखला जातो. इंद्रायणी भातही इथे सर्रास लावतात. शेजारच्या मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोराच्याच संकरातून ही जात तयार केली.

पिरंगुट मात्र आता नुसते शेतीचे गाव राहिलेले नाही. कारखाने आले, गोदामे आली, इमारती उभ्या राहिल्या. कामासाठी मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार अशा भागांतून कुटुंबे आली. त्यामुळे एकाच वर्गात शेतकऱ्याचे मूल, कामगाराचे मूल आणि सोसायटीतल्या नोकरदाराचे मूल शेजारी बसू शकते. शरद ऋतू या तिघांनाही सारखाच उपलब्ध आहे आणि जवळपास फुकट आहे.

उपक्रम पहिला : एकाच खाचराला तीन भेटी

एकच शेत निवडायचे, शक्यतो कुणा पालकाचे. पहिली भेट भात निसवल्यावर, दुसरी पंधरा-वीस दिवसांनी, तिसरी कापणीच्या वेळी. लोंबी बाहेर आल्यापासून दाणा पिकायला साधारण महिना लागतो, म्हणून हे अंतर.

पहिल्या भेटीत लोंबी हिरवी आणि ताठ असते. दाणा नखाने दाबला तर दूध निघते. दुसऱ्या भेटीत लोंबी वाकू लागलेली असते. तिसऱ्या वेळी ती सोनेरी होऊन खाली झुकते आणि दाणा दातांनी फुटत नाही. ‘मागच्या वेळी काय होते, आता काय झाले?’ एवढाच प्रश्न विचारायचा. बदल आठवणे आणि तो शब्दांत सांगणे हे या वयाला मोठेच काम आहे. प्रत्येक भेटीनंतर मुलांनी चित्र काढायचे. तिन्ही चित्रे शेजारी लावली की वाढीचा क्रम मुलांना स्वतःच दिसतो.

मग एक-एक लोंबी वर्गात. दाणे सुटे करायचे आणि दहा-दहाचे ढीग लावायचे. चांगल्या लोंबीत शंभराच्या पुढे दाणे निघतात. पाच वर्षांच्या मुलाला शंभर ही संख्या पाठ असते, पण तिचा ढीग केवढा होतो हे तो पहिल्यांदाच बघतो. तीन वर्षांच्यांनी फक्त ‘जास्त’ आणि ‘कमी’ ओळखले तरी पुरे.

थोडी साळ खलबत्त्यात हलकेच कुटायची आणि सुपात पाखडायची. तूस उडते, तांदूळ राहतो. हलके काय आणि जड काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. सूप धरायला कुणाच्या तरी आजीला बोलवावे.

इथेच भाषेचाही धडा होतो. मराठीत शेतातलेही भात आणि ताटातलाही भात. फरक इतकाच की शेतातले भात पिकते आणि ताटातला भात शिजतो. मधल्या दाण्याला आपण तांदूळ म्हणतो. हिंदी बोलणारे मूल शेतातल्याला ‘धान’ म्हणेल, दाण्याला ‘चावल’ म्हणेल आणि बिहारमधल्या घरात शिजलेल्याला ‘भात’च म्हणत असतील. हे सारे शब्द फळ्यावर एका रांगेत लिहावेत. आपल्या घरचा शब्द फळ्यावर आलेला पाहून मुलाला वर्ग आपला वाटू लागतो.

उपक्रम दुसरा : घटातले धान्य, एक उजेडात आणि एक अंधारात

नवरात्रात घराघरांत घट बसतो. पत्रावळीवर माती, त्यात धान्य आणि नऊ दिवसांत वीतभर रोपे. मुलांनी हे घरी पाहिलेले असते. वर्गात तोच प्रयोग दोन वाडग्यांत करायचा. दोन्हींत तीच माती, तेच गहू, तेवढेच पाणी. एक वाडगा खिडकीत आणि दुसरा कपाटात.

रोज ठरलेल्या वेळी रोपांची उंची दोऱ्याने मोजायची, दोरा कापायचा आणि तारखेसमोर कागदावर चिकटवायचा. आठवडाभरात दोऱ्यांचा आलेख आपोआप तयार होतो. पट्टी नको, आकडे नकोत.

कपाटातली रोपे उंच वाढतात, पण फिकट पिवळी राहतात. खिडकीतली बुटकी आणि हिरवी असतात. का, ते लगेच सांगू नये. मुले काय काय कारणे सुचवतात ते ऐकावे. शेवटी पिवळा वाडगा दोन दिवस उजेडात ठेवावा. तो हिरवा होताना पाहिला की उत्तर सांगण्याची गरज उरत नाही. घर कोणत्याही धर्माचे असो, प्रयोग सगळ्यांना सारखा. पूजेचा घट घरी आणि मोजणीचा वाडगा वर्गात.

उपक्रम तिसरा : प्राजक्ताच्या पाकळ्या, झेंडूच्या बिया

प्राजक्त रात्री फुलतो आणि पहाटे गळतो. सकाळी झाडाखाली पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी देठांचा सडा असतो. तोडावे काहीच लागत नाही. फुलाला पाच ते आठ पाकळ्या असतात. एकाच झाडाच्या फुलांतही संख्या सारखी नसते. म्हणून फुले मोजून गट करायचे, पाचवाली इकडे, सहावाली तिकडे, सातवाली पलीकडे. कोणता गट सर्वांत मोठा? इतके सोपे वर्गीकरण दुसरे नसेल.

देठ वेगळे करून कोमट पाण्यात ठेवले की पाणी केशरी होते. पूर्वी कापड रंगवायला हा रंग वापरत. त्यात पांढऱ्या कापडाचा तुकडा बुडवावा आणि रंग किती चढला ते दुसऱ्या दिवशी पाहावे.

दसऱ्याला घरोघरी झेंडूची तोरणे लागतात. सुकली की ती निर्माल्यात जातात. त्यातली चार फुले वर्गात आणून उलगडावीत. प्रत्येक पाकळीच्या टोकाला काडीसारखा काळा भाग सापडतो, तेच बी. कुंडीत पेरावे. सगळी बिया उगवतील असे नाही, कारण हारातली फुले बरेचदा बी पुरते पिकण्याआधीच खुडलेली असतात. पेरल्या किती आणि उगवल्या किती, हे मोजणे हाच धडा.

आपट्याच्या पानाचेही तसेच. फांद्या ओरबाडण्यापेक्षा वर्गाला एक पान पुरते. मधोमध दुमडले की दोन्ही भाग एकमेकांवर नेमके बसतात. समान भाग म्हणजे काय, हे याहून सोपे करून कसे दाखवणार?

उपक्रम चौथा : बिया प्रवासाला निघतात

बुटांवरून वडिलांचे जुने मोजे चढवायचे आणि गवताच्या कडेने पन्नास पावले चालायचे. परत येईपर्यंत मोज्यांना कुसळे आणि आघाड्याची बोंडे चिकटलेली असतात. ती काढून पांढऱ्या कागदावर मांडावीत. भिंगातून पाहिले की आकडे दिसतात. पाय नसलेली बी आपल्या पायांवरून कशी फिरते, ते कळते. हेच मोजे ओल्या मातीवर पसरून ठेवले तर काही दिवसांत त्यातून कोंब येण्याची शक्यता असते.

तेरड्याचे पिकलेले बोंड चिमटीत धरले की फटकन फुटते आणि बिया उडतात. मुले हा खेळ कितीही वेळ खेळू शकतात. बी किती पावलांवर पडली ते मोजले की खेळाला मोजणी जोडली जाते.

उपक्रम पाचवा : भोपळा, पण आपला

भोपळा हवाच असेल तर लाल भोपळा आहे. त्याला डोळे कोरायची गरज नाही. आधी अंदाज बांधायचा. उचलता येईल का? आत काय असेल? बिया किती निघतील? मग तराजूत एका बाजूला भोपळ्याची फोड आणि दुसऱ्या बाजूला बटाटे घालावेत. कापायचे काम मोठ्यांचे, बिया काढायचे काम मुलांचे. तो बुळबुळीतपणा हाताला कळला पाहिजे. बिया धुऊन, वाळवून मोजायच्या. गराचे घारगे करावेत. उकडलेला भोपळा आणि गूळ कणकेत मिसळताना मापे मुलांनी घ्यावीत, दोन वाट्या हे, एक वाटी ते. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगायला हाच मुहूर्त.

भोंडला आणि किल्ला : सण की अभ्यास?

दोन्ही. सूर्य साधारण २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्रात जातो. त्यावरूनच हादगा आला. मधे पाटावर हत्तीचे चित्र आणि भोवती फेर. एका ठेक्यात पावले टाकणे आणि शेजाऱ्याचा हात न सोडणे, हा शरीराच्या तोलाचा आणि सोबतीचा सराव आहे. मुलगेही फेरात हवेत. शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा आणि प्रश्न विचारायचे. गोड की तिखट? कोरडी की ओली? मुलांना प्रश्न विचारायला लावणारा असा खेळ बालवाडीला आयताच मिळालेला आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गाने मिळून अंगणात किल्ला करावा. कोरडी माती ढासळते, फार ओली घसरते, नेमकी किती ओली हवी ते हातच ठरवतात. तट, बुरूज, पायऱ्या, विहीर यांतून वर-खाली, आत-बाहेर, जवळ-लांब हे शब्द वापरात येतात. मातीवर हळीव किंवा मोहरी पेरली की थोड्याच दिवसांत हिरवळ येते. कोरीगड आणि घनगड मुळशी तालुक्यातच आहेत. त्यांचा फोटो समोर ठेवला तर मुले आपल्या किल्ल्याची तुलना खऱ्या किल्ल्याशी करतात.

यातून मुले नेमके काय शिकतात?

पालकांचा नेहमीचा प्रश्न असतो, ‘आज लिहून काय घेतले?’ त्याचे उत्तर असे देता येईल.

• गणित : मोजणे, दहाचे गट, कमी-जास्त, हलके-जड, लांबीची तुलना.
• भाषा : नवे शब्द, क्रमाने सांगणे, प्रश्न विचारणे, घरच्या आणि शाळेच्या शब्दांची सांगड.
• विज्ञान : पाहणे, अंदाज बांधणे, पडताळणे, वाट पाहणे.
• शरीर : दाणे सोलणे, दोरा चिकटवणे, माती मळणे. याच बोटांना पुढे पेन्सिल धरायची आहे.
• वागणूक : पाळीची वाट पाहणे, पडलेले उचलणे पण झाडावरचे न तोडणे, दुसऱ्याच्या शेतात विचारून जाणे.

काळजी कोणती घ्यावी?

पहिली काळजी सापांची. भातशेतीत आणि वाढलेल्या गवतात या दिवसांत साप असू शकतात. मुलांना खाचरात उतरवू नये. रुंद बांध किंवा रस्त्याची कड पुरते. बंद बूट घालावेत, पुढे एक मोठे माणूस, मागे एक आणि दगड उचलायला मनाई. एका वेळी सगळा वर्ग नेण्याऐवजी दहा-बारा मुलांचे गट करावेत.

फवारणी झालेल्या शेतात जाऊ नये. शेतकऱ्याला आधी विचारावे. गाजर गवताने त्वचेला खाज येते, काहींना श्वासाचा त्रास होतो, म्हणून ते ओळखून टाळावे. गुंज, एरंड, धोतरा आणि कण्हेर यांच्या बिया विषारी आहेत. गुंज दिसायला सुंदर असते, पण वर्गातल्या बियांच्या डब्यात तिला जागा नाही.

छोट्या बिया नाका-कानात किंवा घशात जाऊ शकतात. तीन वर्षांच्या मुलांना साळीच्या दाण्यांऐवजी भोपळ्याचे तुकडे, झेंडूची पूर्ण फुले अशा मोठ्या वस्तू द्याव्यात आणि बियांचे काम मोठ्यांच्या नजरेखालीच करावे. ऑक्टोबरचे ऊन कडक असते. फेरी सकाळीच काढावी आणि पाण्याची बाटली सोबत असावी. परत आल्यावर साबणाने हात धुणे हा उपक्रमाचाच शेवटचा भाग समजावा.

शेतच जवळ नसेल तर?

हा प्रश्न पिरंगुटलाही पडू लागला आहे. मागच्या वर्षी खाचर होते तिथे यंदा पत्र्याचे कुंपण असू शकते. अशा वेळी एक जुनी बादली पुरते. जूनमध्ये तिच्यात चिखल करून मूठभर साळ पेरायची, रोपे वाढली की विरळ करायची आणि बोटभर पाणी राहील असे पाहायचे. ऊन मिळाले तर ऑक्टोबरपर्यंत बादलीत लोंब्या येतात. यंदा ते राहून गेले असेल तर भात पिकवणाऱ्या पालकाकडून दोन-चार लोंब्या मागून घ्याव्यात. सूप, खलबत्ता, घट आणि किल्ल्याला शेत लागतच नाही.

अंगणही नसेल तर सावली आहे. शाळेच्या गेटच्या किंवा झेंड्याच्या खांबाची सावली दर सोमवारी ठरलेल्या वेळी खडूने आखावी. सूर्य दक्षिणेकडे सरकतो तशी ती आठवड्यागणिक लांबत जाते. ऋतू बदलतो आहे याचा हा पुरावा काँक्रीटवरही मिळतो.

पालकांनी घरी काय करावे?

‘आज काय शिकलास?’ याऐवजी ‘आज काय सापडले?’ असे विचारावे. खिशातून निघालेली बी, कुसळ, दगड लगेच कचऱ्यात टाकू नये. एक डबा त्यासाठी ठेवावा. तांदूळ निवडताना मुलाला शेजारी बसवावे. कोजागरीच्या आधी चार-पाच रात्री चंद्र दाखवावा आणि तो कसा वाढतो ते कागदावर काढून घ्यावे. मोबाइलवर फोटो काढायचा तर एकाच झाडाचा, दर पंधरा दिवसांनी, एकाच जागेवरून काढावा. वर्षअखेरीला त्या फोटोंतून मुलाला सहाही ऋतू ओळखता येतील.

नारिंगी पानांच्या त्या चित्रांचे काय? ती फेकायची गरज नाही. माघ-फाल्गुनापर्यंत जपून ठेवावीत. तेव्हा मुळशीच्या डोंगरउतारांवर खरोखर पानगळ सुरू असते, काटेसावर आणि पळस पाने गाळून लाल-केशरी फुलांनी भरलेले असतात. त्या वेळी मुलांच्या हातात खाली पडलेले खरे पान द्यावे, शेजारी मेपलचे चित्र ठेवावे आणि विचारावे, दोघांत सारखे काय आणि वेगळे काय?